हॅगिसची थालीपीठं

नवऱ्याचा, अभयचा, मेसेज नीताने दोनदा वाचला.

मेसेज तसा चांगुलपणाचाच होता. ‘माकचिकचा डबा परत केला. रिकामा नाही दिला, काळजी नसावी. तुझी सकाळची चार थालीपीठं घातली. फक्कड झाली होती, मी तीन खाल्ली. आता प्रबोधकडे, पार दुसऱ्या टोकाला चोआ चू कांगला निघालोय, कपाट हलवायचंय त्याचं. यायला उशीर होईल.’

पाया लेबारच्या ऑफिसात महिनाअखेरचं काम टेबलावर पसरलेलं होतं. नीताने ते तसंच ठेवलं, शेजारच्या टेबलावरच्या मुलीला घरी अडचण आलीय एवढंच सांगितलं आणि पर्स उचलली. खिडकीच्या काचांवर कललेलं ऊन होतं. रमजानचे दिवस. ऊन गेलं की माकचिक रोजा सोडणार. आणि हौगांगला, नीताच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये, माकचिकच्या टेबलावर जी थालीपीठं होती त्यांत हॅगिस होतं.

हॅगिस नीताच्या घरात आलं ते तिच्या साहेबामुळे. यूअन स्कॉटलंडचा. तो कायमचा परत निघाला होता आणि जाण्याआधी त्याने घरचा फ्रीझर रिकामा केला. जानेवारीत त्या लोकांची एक मेजवानी असते, तिच्यात हॅगिसला फार मान. मेजवानीसाठी आणून उरलेलं एक अख्खं हॅगिस त्याने कागदात गुंडाळून नीताच्या टेबलावर ठेवलं. तुझ्या घरात काही वाया जात नाही असं ऐकलंय, तेव्हा हे तुझ्याकडे, असं म्हणाला. नीताला ते ऐकून बरंच वाटलं होतं.

मेंढीची कलेजी, हृदय, फुप्फुस बारीक करून त्यात चरबी, कांदा, मिरी आणि भरपूर ओट्स घालायचे आणि सगळं जठराच्या पिशवीत भरून शिजवायचं, हे हॅगिस. नीता साताऱ्याकडची, यात्रेच्या दुसऱ्या दिवशीची वजरी खाऊन वाढलेली. तिला नाक मुरडण्यासारखं त्यात काही दिसलं नाही. रविवारी तिने ते वाफवून बटाट्याच्या लगद्याबरोबर वाढलं. नॅशनल सर्व्हिसच्या, म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेच्या, कॅम्पमधून सुट्टीला आलेल्या मुलाने, नीलने, दोन घास खाल्ले, “नॉट बॅड लाह” म्हणाला आणि फोनवरून नूडल्स मागवून मोकळा झाला. अभयने तर ताटच सरकवलं. वास येतो म्हणाला. अर्ध्याहून जास्त हॅगिस उरलं.

उरलेल्याचं काय करायचं हा प्रश्न नीताला कधी पडत नाही. रात्रीचा भात तिच्याकडे सकाळी फोडणीत पडतो, वरण कणकेत जातं, भाजी पराठ्याच्या पोटात शिरते. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतच कचऱ्याच्या शूटचं झाकण आहे. उचललं, टाकलं, की थेट तळमजला. पण त्या झाकणातून तिने सालं-देठांपलीकडे काही जाऊ दिलेलं नाही. आणि या सगळ्याचा तिचा एक पक्का नियम होता: सांगायचं नाही. उरलेल्याचं आहे म्हटलं की खाणाऱ्याचा हात आखडतो. नील लहान असताना विचारायचा, “मम्मा, धिस वन इनसाइड गॉट व्हॉट?” ती म्हणायची, “आधी खा.” अभयने तर लग्नानंतर लवकरच विचारणं सोडून दिलं. माणसांनी मिटक्या मारत खावं आणि आपण काय खाल्लं ते त्यांना कळू नये, यात नीताला एक गुपचूप मजा यायची. तेवढीच मजा, आणि तीही कुणाला सांगता न येणारी.

म्हणून आज सकाळी तिने हॅगिस मोकळं केलं, त्यात भाजणी मिसळली. ओट्स होतेच, त्यामुळे भाजणी कमी लागली. वरून कांदा, कोथिंबीर, धनेजिरे, तिखट. मेंढीचा वास मसाल्यात पार बुडाला. थापून, मधोमध भोक पाडून, कडेने तेल सोडून तिने ती खरपूस भाजली. डब्यात भरताना तिला वाटलं, आता अभय खाईल मुकाट्याने. तिने बाजी जिंकली होती. इतकी, की अभयला ती थालीपीठं दुसऱ्या कुणाला तरी द्यावीशी वाटली.

त्याचीही काही चूक नव्हती. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नसतो हे त्याला नीतानेच घोकून घोकून शिकवलं होतं. साखरेच्या चार चिमट्या का असेनात, डब्याच्या तळाला काहीतरी हवं. काल माकचिकने कुईह पाठवल्या होत्या, नारळाच्या चवीच्या हिरव्या वड्या. नीताने तो डबा घासून ओट्यावर पालथा घातला होता.

माकचिक म्हणजे मलयमध्ये मावशी. नाव रोकिया, पण तळमजल्यावरच्या कॉफीवाल्यापासून नीलपर्यंत सगळे माकचिकच म्हणतात. नीता नोकरीला लागली तेव्हा शाळेतून आलेला नील हिच्याकडे असायचा. माकचिकचा नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा दोन्ही घरचा स्वयंपाक नीताच्या ओट्यावर झाला. त्याच्याही आधी, अगदी सुरुवातीला, नीताने एकदा मटणाचा रस्सा नेऊन दिला होता. माकचिकने दारातच हात जोडल्यासारखं करून, संकोचून, मटण नको म्हणून सांगितलं. नीता म्हणाली होती, “माझ्या घरातलं मटण टेक्का मार्केटच्या हलाल दुकानातलंच असतं. दुसरं माझ्या घरात येणार नाही, माझा शब्द.” माकचिकने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि रस्सा घेतला. त्यानंतर तिने कधीही, एकदाही, विचारलं नाही.

यूअनचं पुडकं घरी आणताना नीताला तो शब्द आठवला नव्हता असं नाही. हे आपल्यापुरतं, असं तिने मनाशी म्हणून टाकलं होतं. माकचिकसाठीही तोच तवा चढतो, तेव्हा सकाळी तवा वेगळा काढावा असंही एकदा मनात येऊन गेलं होतं. पण सकाळी घाई असते.

स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर उभ्या उभ्या तिने माकचिकला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. रोजा सोडण्याआधीच्या तासाभरात माकचिक फोन आतल्या खोलीत ठेवून देते, हे नीताला ठाऊक होतं. तरी तिने तिसऱ्यांदा लावला. मग अभयला.

अभय बसमध्ये होता. नीताने काय ते घाईघाईत सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे मी ते खाल्लं?”

“तुझं राहू दे आता. त्या खातील.”

“खाऊ दे. अगं, कळणार आहे का त्यांना? मला कळलं?”

“त्यांना चालत नाही, अभय.”

“मलाही नव्हतं चाललं. रविवारी ताट सरकवलं होतं मी, तुझ्यादेखत.” त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. “मला न सांगता घातलेलं चालतं, आणि त्यांना नाही चालत, होय?”

तो पुढे म्हणाला की आता परत फिरलो तरी मी पोचेपर्यंत त्यांचं खाणं उरकलेलं असेल, तेव्हा उगाच तमाशा करू नकोस. इतक्या वर्षांचं आहे ते तुझ्या हाताने मोडशील. तो हे रागाने म्हणाला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

सेरांगूनला गाडी बदलायची होती. फलाटावर माणसं दाटलेली, बऱ्याच जणांच्या हातांत खाण्याच्या पिशव्या, सगळ्यांना घर गाठायचं होतं. नीता दाराला चिकटून उभी राहिली आणि तिने फोनवर मेसेज लिहायला घेतला. माकचिक, थालीपीठं खाऊ नका, त्यात. त्यात काय? तिने खोडलं. चूक झाली, असं लिहिलं. तेही खोडलं. हे वाचून माकचिकचा चेहरा कसा होईल ते तिला दिसायला लागलं, आणि त्यापुढे दिसायला लागला उद्याचा कॉरिडॉर, शेजारचं बंद दार.

शेवटी तिने लिहिलं: ‘माकचिक, थालीपीठाचं पीठ जुनं होतं, खराब झालंय. खाऊ नका, पोट बिघडेल. टाकून द्या प्लीज. सॉरी.’

आणि विचार करायला सवड न देता पाठवून दिलं. मेसेज पोचल्याच्या दोन राखाडी खुणा उमटल्या. निळ्या होईनात. कोवान स्टेशन गेलं. हौगांगला दार उघडलं तेव्हाही त्या राखाडीच होत्या, पण बाहेर पडून ती रस्ता ओलांडत असताना निळ्या झाल्या. माकचिकने वाचलं. नीता जागीच थांबली. सुटलो, असा एक हलका श्वास तिच्या छातीतून निघाला. आता ती थालीपीठं शूटमधून खाली जातील आणि कुणालाच काही कळणार नाही. तिने फोन पर्समध्ये टाकला. घरी जाऊन तवा घासायचा, असं ठरवत ती लिफ्टमध्ये शिरली. उत्तर काही आलं नव्हतं, पण उत्तराची गरजही नव्हती.

कॉरिडॉरमध्ये माकचिकचं दार नेहमीसारखं सताड उघडं होतं, जाळीचं लोखंडी दार तेवढं लोटलेलं. आतून रेडिओवर कुराणपठणाचा संथ आवाज येत होता. नीता नुसती नजर टाकून पुढे जाणार होती. तिने नजर टाकली.

टेबलावर खजूर होते, पाण्याचा जग होता, वाटीत पातळ खीर होती, आणि मधोमध मोठ्या ताटलीत तिची थालीपीठं केकसारखी तिकोनी कापून मांडलेली होती. माकचिकची नात हाना, आईबाप कामावरून येईपर्यंत जी हिच्याकडेच असते, ती खुर्चीवर पाय हलवत बसली होती. तिच्या हातात एक तुकडा होता. टोकाकडून खाल्लेला.

“आलीस?” माकचिक ओढणी सारखी करत पुढे आली. “ये, ये. मेसेज बघितला तुझा. मला हसूच आलं.”

नीताने विचारलं की मग टाकली का नाहीत.

“टाकू? आणि तू सांगतेस मला टाकायला, तू?” माकचिक हसली. “पीठ जुनं तर जुनं. वास तर छान येतोय. आमच्या आईने तांदळातले किडे निवडून आम्हाला वाढवलं. हाना मघापासून खातेय, काही झालं नाही तिला. यावेळची सगळ्यात चांगली झालीत म्हणे.”

“नेनेक, धिस वन शिओक,” हाना मिटक्या मारत आजीला म्हणाली आणि आणखी एक चावा घेतला.

नीताने दार ढकललं, आत आली आणि ताटलीला हात घातला. मी घेऊन जाते, उद्या ताजी करून देते, असं काहीतरी पुटपुटली. माकचिकने थट्टेने ताटली आपल्याकडे ओढली. दोघींचे हात ताटलीवर, आणि माकचिक अजून हसत होती. रेडिओवरचं पठण थांबलं. अजानच्या आधी जी थोडीशी शांतता असते ती खोलीत पसरली. माकचिकचा दुसरा हात, सवयीने, खजुराकडे वळला. पण डोळे थालीपीठावर होते.

“माकचिक,” नीता म्हणाली, “त्यात मटण आहे.”

“असू दे की. मटण मला आवडतं.”

“टेक्काचं नाही.”

माकचिकचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त आतून कुणीतरी दिवा काढून नेल्यासारखं झालं. नीताने मग सगळं सांगून टाकलं: साहेबाने दिलेलं, परदेशी, मेंढीचं, हलाल नाही, आपण अभयसाठी केलं होतं, अभयला माहीत नव्हतं, त्याने डबा भरला. बोलताना ती ताटलीकडे बघत होती. अजान सुरू झाली आणि तिचं शेवटचं वाक्य त्यात बुडून गेलं.

माकचिक हानाजवळ गेली. तिच्या हातातला तुकडा तिने हिसकावला नाही. अलगद काढून घेतला आणि मलयमध्ये तिला चूळ भरून यायला सांगितलं. हाना म्हणाली, “बट नाइस व्हॉट.” आजीने पुन्हा तेच सांगितलं, त्याच आवाजात. पोरगी उठून गेली. मग माकचिकने ओठांतल्या ओठांत काही म्हटलं, एक खजूर तोंडात टाकला आणि उभ्यानेच पाणी प्यायली. दिवसभराची तहान असूनही दोनच घोट.

एरवी दारात दिसली तरी नीताला ती हाताला धरून बसवायची. आज तिने बस म्हटलं नाही.

“लहान आहे ती,” माकचिक म्हणाली. “तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. अल्लाला कळतं कोणाला काय माहीत होतं ते.” तिने ग्लास खाली ठेवला. “तवा?”

“तोच,” नीता म्हणाली. “रोजचाच.”

माकचिकने मान हलवली. जणू ते तिने धरलंच होतं. “पण पिठाचं का लिहिलंस?”

“वाटलं, तुम्ही टाकून द्याल.”

“आणि मी टाकली असती तर? मग येऊन सांगितलं असतंस, की त्यात काय होतं?”

नीताला हो म्हणता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. संध्याकाळभर तिने जी धावाधाव केली होती ती पाहता ते कुणालाही पटलं असतं. पण लिफ्टमध्ये शिरताना छातीतून निघालेला तो हलका श्वास तिला अजून आठवत होता.

“नसतं सांगितलं,” ती म्हणाली.

नमाज करून येते, थांब, एवढंच म्हणून माकचिक आत गेली. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही; थांब म्हणाली. नीता बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन कठड्याला टेकून उभी राहिली. समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागत होता. अभयचा फोन आला. परत मिळाली का थालीपीठं, त्याने विचारलं. नाही, पण मी सांगितलं त्यांना, ती म्हणाली. मग काय म्हणाल्या, असं त्याने विचारलं. अजून काहीच नाही, असं म्हणून नीताने फोन ठेवला. घराची किल्ली पर्समध्ये होती, दार चार पावलांवर होतं. तिला आत जाववेना.

माकचिक आली तेव्हा अंगावर नमाजाचा पांढरा झगा तसाच होता. तिने प्लॅस्टिकचं स्टूल आणलं, जाळीचं दार आतून ओढून घेतलं आणि त्याच्या पलीकडे बसली. दोघींच्या मध्ये गज.

“मी तुला कधी विचारलं नाही,” ती म्हणाली. “विचारणं म्हणजे अपमान, असं वाटायचं मला. आता विचारते. माझ्या घरात आजवर जे जे दिलंस ते सांग. पहिल्यापासून. आठवेल तसं.”

“सगळं?”

“मला काय कुठं जायचंय?”

नीता खाली फरशीवर बसली. पहिल्या दिवाळीच्या करंज्या आठवल्या, तिथून तिने सुरुवात केली. खोबरं, साखर, तूप. माकचिकने मान हलवली. मग रस्सा, टेक्काचा. मग नीलच्या वाढदिवसाची पावभाजी, त्यातलं लोणी कुठलं तेही तिने सांगितलं. फोडणीचा भात सांगताना ती अडखळली आणि तो आदल्या दिवशीचा होता हेही बोलून गेली. माकचिकची भुवई जराशी हलली. ते तिला माहीत असावं, किंवा नसावंही. नीता एकेक पदार्थ काढत गेली, आणि आजवर ज्यांची गुपितं तिने हसत हसत जपली होती त्यांतलं एकेक त्या जाळीतून पलीकडे देत गेली. जड काही नव्हतं त्यात. पराठ्यात वरण, कटलेटात पाव, शिऱ्यात कालचं केळं. हाना आतून येऊन आजीच्या पाठीला रेलून ऐकत उभी राहिली होती.

मग नीता थांबली.

“काय झालं?”

“एका ईदच्या आधी,” नीता म्हणाली, “मी लाडू दिले होते तुम्हाला. चॉकलेटचे, वर खोबरं लावलेले. तुम्ही ईदला पाहुण्यांना ठेवले होते.”

“आठवतात. सगळ्यांनी विचारलं होतं, कुणी केले म्हणून.”

“ऑफिसच्या पार्टीतला केक उरला होता. तो कुस्करून केलेले. त्या केकमध्ये रम होती की नव्हती, मला माहीत नाही. मी विचारलं नव्हतं.”

माकचिकने डोळे मिटले. पाठीवर रेललेल्या हानाचा हात तिने एका हाताने धरून ठेवला होता, तो सोडला नाही. कॉरिडॉरच्या टोकाला लिफ्ट येऊन थांबली, कुणी उतरलं नाही, दार मिटलं. नीताला वाटलं, आता ही उठेल आणि आतलं लाकडी दारही लावून घेईल.

माकचिकने डोळे उघडले. ती उठली नाही.

“पुढे,” ती म्हणाली.